लागली की लावली?

आपल्या भाषेत ‘लागणे’ हे क्रियापद फार सोयीचं आहे. आग लागते, नाद लागतो, दृष्ट लागते, ठेच लागते. यात कर्ता कोण, हे सांगावं लागत नाही. पण तेच ‘लावली’ झालं की लगेच कोणीतरी आरोपी उभा राहतो. आग लागली आणि आग लावली यांत एका अक्षराचा फरक आहे, पण पहिल्यात अग्निशमन दल येतं आणि दुसऱ्यात पोलीस. साथीच्या काळात आपण या दोन क्रियापदांमध्ये सतत ये-जा करत होतो. सरकारी पत्रकात ‘लागण झाली’ असं असायचं, तर पारावर ‘त्यानं लावली’, ‘त्यांनी आणला’.

मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातलं इस्लामपूर असंच देशभरच्या बातम्यांत आलं. परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातल्या चौघांना करोनाची बाधा असल्याचं निष्पन्न झालं आणि काही दिवसांतच त्या गोतावळ्यातल्या बाधितांची संख्या २५च्या आसपास गेली. परिसर बंद झाला, घरोघर पाहणी झाली, संपर्कातली माणसं शोधून वेगळी ठेवली गेली, साखळी तुटली, बाधित बरे होऊन घरी परतले. प्रशासनाच्या भाषेत ही यशाची गोष्ट आहे. पण गावोगावच्या बोलण्यात त्या दिवसांत एकच क्रियापद होतं: ‘आणला’. पुढं मे महिन्यात मुंबईहून साताऱ्याच्या जावळी-पाटणकडे परतणारे कामगार असोत, की देशभर सोन्या-चांदीच्या गलाईचा व्यवसाय करणारी आणि आता खानापूर-आटपाडीकडे निघालेली माणसं असोत, त्यांच्याही वाट्याला हेच क्रियापद आलं. त्यांतल्या कित्येकांना ना ताप होता, ना खोकला. मला प्रश्न पडतो तो यांचाच. स्वतःला काहीच होत नसताना ज्याच्यापासून दुसऱ्याला रोग झाला, त्याचा दोष किती?

आधी विज्ञान काय म्हणतं ते पाहू, कारण नीतीचा प्रश्न त्यावरच उभा आहे. आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूचा जनुकीय अंश आवर्तनामागून आवर्तन वाढवला जातो. प्रत्येक आवर्तनात तो साधारण दुप्पट होतो. कितव्या आवर्तनाला तो यंत्राला दिसू लागतो, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. मूळ नमुन्यात विषाणू जास्त असेल तर तो लवकर दिसतो, म्हणून आकडा लहान. सीटी २० आणि सीटी ३० यांतला फरक दहाचा वाटतो, पण दहा वेळा दुप्पट केलं की तो सुमारे हजारपट होतो. अर्थात नमुना कसा घेतला, संसर्गाच्या कितव्या दिवशी घेतला, यावर हा आकडा खूप हलतो. त्यामुळे दोन माणसांचे आकडे शेजारी ठेवून निवाडा करणं धोक्याचं आहे. तरीही अनेक माणसांचे आकडे एकत्र पाहिले की चित्र दिसतं, आणि ते २०२० मध्ये अनेक ठिकाणी दिसलं. इटलीतल्या ‘व्हो’ या छोट्या गावात जवळपास सगळ्यांची चाचणी झाली. बाधितांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोकांना लक्षणं नव्हती, आणि लक्षणं असलेल्यांच्या व नसलेल्यांच्या विषाणूभारात लक्षणीय फरक आढळला नाही. दक्षिण कोरियात विलगीकरणात ठेवलेल्या ३०३ जणांचा अभ्यास झाला. त्यातल्या ११० जणांना दाखल होताना लक्षणं नव्हती, पण सीटीचे आकडे दोन्ही गटांत सारखेच होते. ज्यांना पुढं लक्षणं येतात, त्यांच्यात तर ती दिसण्याच्या आसपास, कधी आदल्या दिवशीच, संसर्गक्षमता सर्वाधिक असते.

इथे एक सावधगिरी हवी. नाकातला विषाणू आणि दुसऱ्याला लागलेला विषाणू या एकच गोष्टी नाहीत. चाचणीत दिसणारा अंश मेलेल्या विषाणूचाही असू शकतो. शिवाय ज्याला खोकला-शिंका नाहीत, तो विषाणू कमी उडवतो. नंतरच्या अनेक अभ्यासांचा कल असा आहे, की शेवटपर्यंत लक्षणं न येणारी माणसं सरासरीनं कमी लोकांना बाधित करतात. कमी, पण शून्य नव्हे. आणि खोकणाऱ्यापासून आपण दोन हात लांब उभे राहतो, तसे धडधाकट दिसणाऱ्यापासून राहत नाही.

या माहितीनं आपली एक जुनी समजूत मोडते. रोगी आणि निरोगी ओळखता येतात, रोग्यानं काळजी घ्यावी आणि निरोग्यानं त्याच्यापासून जपावं, अशी आपली कामाची वाटणी होती. विषाणूभाराला ही वाटणी मान्य नाही. मग दोष कसा मोजायचा?

एक सोपं उत्तर असं, की ज्याला माहीत नव्हतं तो निर्दोष. मला हे अर्धंच पटतं. न कळणं दोन प्रकारचं असतं. मार्च २०२० मध्ये ‘ताप नाही म्हणजे मी बरा’ असं मानणारा माणूस खरोखर अजाण होता. २०२१ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत सातारा-सांगलीची रुग्णसंख्या राज्यात इतरत्र उतरल्यावरही हटत नव्हती, तेव्हा तेच वाक्य म्हणणारा माणूस अजाण नव्हता. माझ्या अंगात विषाणू आहे की नाही हे त्याला माहीत नव्हतं, पण तो असू शकतो आणि मला कळणार नाही, हे माहीत होतं.

दुसरं उत्तर परिणामाकडे बघतं: म्हातारी गेली, म्हणजे कोणामुळे तरी गेली. पण हे उत्तर दोषाची वाटणी नशिबावर सोडतं. एकाच लग्नात मास्क न लावता जेवलेल्या दोघांपैकी एकाच्या घरी वृद्ध आई होती, दुसऱ्याच्या घरी नव्हती. वागणं एकच, मग एक खुनी आणि दुसरा साव कसा? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये याला ‘नैतिक नशीब’ असं नाव दिलं. ज्याच्या हातून अनवधानानं कोणी गेलं त्याला आयुष्यभर जड वाटेल, वाटायलाही हवं. पण त्याला वाटणारा सल आणि आपण त्याच्यावर ठेवलेला ठपका या वेगळ्या गोष्टी आहेत. सल त्याचा त्यानं वागवावा. त्याच्या आधारे खटला चालवायचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

मला उपयोगी वाटतो तो तिसरा विचार, आणि तो सांगली भागाला नवा नाही. या पट्ट्यात जैन समाज मोठा आहे. मोरपिसांची पिच्छी घेऊन, पुढची जमीन न्याहाळत चालणारे दिगंबर मुनी इथल्या रस्त्यांवर सगळ्यांनी पाहिले आहेत. डोळ्यांना न दिसणारे जीव सर्वत्र आहेत आणि आपल्या साध्या हालचालीनं ते मरू शकतात, या जाणिवेवर ते आचरण उभं आहे. मग हिंसा टळणार कशी? उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, येतो. कुंदकुंदांच्या प्रवचनसारात तर स्पष्ट विवेचन आहे, की बेसावध वागणाऱ्याला हिंसेचा दोष लागतोच, जीव मरो वा न मरो. आणि जपून वागणाऱ्याला केवळ जीव मेला म्हणून बंध होत नाही. थोडक्यात, दोष परिणामात नाही आणि निव्वळ अज्ञानातही नाही, तो दक्षता सोडण्यात आहे.

हे माप लावलं की त्या लग्नातले दोघेही सारखेच दोषी ठरतात, मग कोणाची आई वाचली असो. आणि मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून, लांब बसूनही ज्याच्या घरी रोग पोचला, तो मोकळा होतो. मला हे न्याय्य वाटतं.

पण याच मापाची एक दुखरी बाजू आहे. दक्षता फुकट मिळत नाही. एका खोलीत सहा जण राहत असतील तर लांब बसायचं कुठं? रोजंदारी बुडाली तर घरी थांबायचं कसं? न्यूयॉर्कच्या मेरी मॅलनची गोष्ट इथं आठवते. ती स्वयंपाकीण, टायफॉइडची लक्षणविरहित वाहक. १९०७ साली शोधून तिला बेटावर ठेवलं. १९१० मध्ये स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडलं. १९१५ मध्ये ती एका प्रसूतिगृहात नाव बदलून स्वयंपाक करताना सापडली आणि मग १९३८ मध्ये मरेपर्यंत तिला बेटावरच राहावं लागलं. दुसऱ्या वेळचा तिचा प्रमाद मला नाकारता येत नाही. पण तिला येणारं चांगल्या पैशाचं एकमेव काम काढून घेताना त्याच्या तोलाचं दुसरं काही दिलं गेलं नाही. हा प्रमाद कोणाचा? दक्षतेची साधनं ज्यांच्या हाती आहेत, त्यांनी ती दिली नाहीत तर दोषाचा वाटा त्यांच्याकडे जातो. शाळेच्या खोलीत चौदा दिवस राहिलेल्या मुंबईकराला जेवण, पाणी, शौचालय नीट मिळालं का, हा प्रश्न त्यानं नियम पाळला का, याच्या आधी विचारायला हवा.

आणि दक्षता म्हणजे पाठ फिरवणं नव्हे. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात घेऊन आल्या आणि त्याच साथीत १० मार्चला गेल्या. त्यांच्या त्या कृतीला बेसावधपणा म्हणायला जीभ धजत नाही. त्यांनी धोका पत्करला तो स्वतःच्या जिवाचा, आणि दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी. मास्क न लावणारा धोका पत्करतो तो बहुतेक दुसऱ्याच्या जिवाचा, आणि स्वतःच्या सोयीसाठी. दोघंही वेशीबाहेर न थांबणारी माणसं, पण दिशा उलट्या.

म्हणून पुढच्या साथीत मी क्रियापद बदलणार नाही. ‘लागली’ असंच म्हणेन. फक्त त्यामागून दोन प्रश्न विचारेन: जपायला काय करता येण्यासारखं होतं, आणि ते करण्याची ऐपत कोणाकडे होती? आपल्याला ताप आहे की नाही, याचा या प्रश्नांशी फारसा संबंध नाही.