शिंप्याची मजुरी

अलूल महिन्यात आपल्या सिनेगॉगमध्ये 'की तेत्से' हा पाराशा वाचला जातो. त्यात दोन आज्ञा जवळजवळ येतात. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर ते सूर्यास्ताला त्याला परत करावे, ही एक. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, मग तो आपला भाऊबंद असो की आपल्या गावात राहणारा परका असो, ही दुसरी. लहानपणापासून आम्ही हे ऐकत आलो. पण त्याचा अर्थ नीट उमगला तो कुवेतला काम करणाऱ्या एका शिंप्याशी बोलताना.

गेल्या खेपेस आम्ही कोकणात गेलो होतो. रायगड जिल्ह्यातील आमच्या जुन्या गावी आता आपली घरे उरली नाहीत, पण मुसलमान शेजारी आहेत आणि त्यांचा जिव्हाळाही आहे. तिकडच्या पुष्कळ घरांतला एखादा माणूस आखातात असतो. शेजाऱ्यांचा मुलगा रजेवर आला होता. कुवेती पुरुष घालतात तो लांब झगा, दिशदाशा, शिवण्यात त्याचे अर्धे आयुष्य गेले. काज-बटण आणि इस्त्रीपासून त्याने सुरुवात केली, मग मशीनवर बसला, मग कापणी शिकला. आज तो मास्टर आहे. गिऱ्हाईक दारातून आत आले की खांद्याचे माप त्याला नजरेनेच कळते.

कमाईचा मोह काय असतो ते आपणही जाणतो. 1961 पर्यंत कुवेतच्या बाजारात रुपयाच चालत असे. त्या वर्षी दिनार आला तेव्हा साधारण सव्वातेरा रुपयांना एक दिनार पडे. आज त्याला अडीचशेहून अधिक रुपये मोजावे लागतात. खासगी नोकरीतला किमान पगार काही वर्षांपूर्वी महिना 60 दिनारांवरून 75 दिनारांवर आणला गेला. गावात बसून त्याचे रुपये केले की आकडा मोठा दिसतो. पण खोलीचे भाडे आणि जेवण दिनारातच द्यावे लागते, हे तिथे गेल्यावर कळते.

त्याच शहरात कपड्यांचा दुसरा धंदाही आहे. 2007 साली उघडलेल्या ॲव्हेन्यूजसारख्या मॉलमध्ये परदेशी नावांचे तयार कपडे विकले जातात. इंग्रजी-अरबी बोलणारा, डिप्लोमा घेतलेला तरुण तिथे विक्रेत्याचा सुपरवायझर आणि पुढे मॅनेजर होऊ शकतो. शिंप्याची शिडी मात्र मास्टरपाशी संपते. स्वतःचे दुकान काढावे तर सर्वसाधारण नियमाने 51 टक्के हिस्सा कुवेती भागीदाराचा हवा. म्हणजे ज्याच्या हातात कसब, त्याच्या हातात दुकान नाही.

आमच्या शेजाऱ्याच्या मुलाला पूर्वीच्या एका दुकानात तीन-तीन महिने पगार मिळत नसे. त्याचा पासपोर्ट मालकाने 'सांभाळून ठेवतो' म्हणून आपल्या खणात ठेवला होता. कुवेतच्या कायद्याने असा पासपोर्ट अडकवून ठेवण्यास मनाई आहे. 2010 च्या कामगार कायद्याप्रमाणे मासिक पगार दर महिन्याला मिळालाच पाहिजे, नोकरी संपताना सेवेच्या वर्षांप्रमाणे रक्कमही मिळाली पाहिजे. पण कायदा कचेरीत असतो आणि पासपोर्ट मालकाच्या खणात.

आम्ही रागावून मालकाला दोष देऊ लागलो, तेव्हा तोच म्हणाला, "काका, बळजबरी कुणी केली नाही. कागदावर सही माझीच होती. त्याच पैशावर हा स्लॅब पडला, बहिणीचे लग्न झाले."

प्रश्न इथेच आहे. दोघांनी राजीखुशीने ठरवलेला पगार न्याय्य मानावा की नाही? एक पक्ष म्हणेल, मानावा. गावात त्याला याहून कमी मिळाले असते, आणि जो आपण होऊन गेला त्याच्यावर अन्याय कसला? हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. तो स्लॅब आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे.

पण आपले शास्त्र एवढ्यावर थांबत नाही. तालमूदच्या बावा मेत्सिया या भागात एक गोष्ट आहे. रब्बा बार बार हाना यांच्या हमालांनी दारूचे पिंप फोडले. भरपाई म्हणून त्यांनी हमालांचे अंगरखे काढून घेतले. हमाल राव यांच्याकडे गेले. राव म्हणाले, अंगरखे परत द्या. हा कायदा आहे का, असे विचारल्यावर म्हणाले, होय. मग हमाल म्हणाले, आम्ही गरीब, दिवसभर राबलो, पोटात अन्न नाही. राव म्हणाले, त्यांची मजुरीही द्या. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर.

नुकसान खरे होते, हिशेब मालकाच्या बाजूचा होता. तरीही राव यांच्या मते सज्जनाचा कायदा हिशेबाच्या पुढे जातो. माणूस सही करतो तेव्हा त्याची गरजही त्याच्याबरोबर सही करते. ज्याला 'नाही' म्हणून उठून जाता येते, त्याच्याच 'हो'ला पूर्ण किंमत आहे. म्हणून आम्हाला वाटते की पगाराचा आकडा ठरला म्हणजे मालकाचे कर्तव्य संपले नाही, ते तिथून सुरू झाले. पैसे वेळेवर देणे आणि जायची वाट मोकळी ठेवणे, एवढे तरी त्यात आलेच. पासपोर्ट हे आजचे पांघरूण आहे. ते रात्रभर आपल्याकडे ठेवू नये.

निघताना आम्ही विचारले, तुझ्या हाताखाली कोण आहे? म्हणाला, दोन पोरे आहेत, नगावर शिवतात. त्यांना पैसे कधी देतोस? तो जरा थांबला. "मालक मला देतो, तेव्हा मी त्यांना देतो."

आम्ही काही बोललो नाही. बोलण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. डिमोनाच्या कापड गिरणीत आपल्या किती माणसांनी पाळ्या केल्या! पगाराच्या दिवसाची वाट पाहणे आपल्याला ठाऊक आहे. पण परत आल्यावर आठवले की कोपऱ्यावरच्या शिलाईवालीकडून पँट आखूड करून आणली होती आणि सुटे नाहीत म्हणून पैसे पुढच्या आठवड्यावर टाकले होते. त्याच बावा मेत्सियात लिहिले आहे की कारागिराने कपडा आपल्या हाती दिला, की मजुरीच्या आज्ञेची घटका सुरू होते.

आम्ही तसेच उठलो आणि तिचे पैसे देऊन आलो. उशीर झालाच होता. वाचकांनीही रोश हशानापूर्वी आपापले खिसे एकदा चाचपून पाहावेत, एवढीच विनंती.