सुटली तर कुठं जाईल?

पंचतंत्रातल्या मित्रभेद या पहिल्या तंत्रात एका माकडाची गोष्ट येते. नगराजवळ देवळाचं बांधकाम चालू असतं. सुतार एक ओंडका अर्धा चिरतात, फटीत खैराची पाचर ठोकतात आणि दुपारच्या जेवणाला निघून जातात. माकड त्या ओंडक्यावर येऊन बसतं, पाचर ओढून काढतं. फट मिटते आणि माकड त्यात चिरडून मरतं. नको त्या उठाठेवीत पडू नये, असं तात्पर्य आपण शाळेत शिकतो. सुताराला त्या गोष्टीत आणखी एक शिकवण दिसते: उभं चिरलेलं लाकूड पुन्हा मिटायला बघतं. पाचर ठोकणाऱ्यांना ते ठाऊक होतं, माकडाला नव्हतं. हातकरवतीच्या जागी विजेवर चालणारी गोल करवत आली, तरी लाकडाचा हा स्वभाव तसाच राहिला आहे. कोपरखैरण्यातल्या दोन भावांना तो कसा कळला, त्याची ही गोष्ट.

कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे. सिडकोच्या लहान घरांवर पुढे कुणी एक मजला चढवला, कुणी दोन. अशाच एका घरात आबा राहत. सातारा जिल्ह्यातून आलेले, सारी उमर तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात गोण्या वाहण्यात गेलेली. त्यांचा थोरला मुलगा फर्निचरची कामं घेई. ऐरोलीपासून खारघरपर्यंत त्याच्या हातची कपाटं आणि पलंग होते. धाकटा महाप्याच्या एका ऑफिसात हिशेब लिही.

धाकट्याची मुलगी दहावीत गेली. तिला खिडकीपाशी बसून अभ्यास करायचा होता, पण खिडकी आणि कपाट यांच्यामधली जागा इतकी अरुंद की दुकानातलं एकही टेबल तिथे बसेना. धाकट्यानं ठरवलं, टेबल घरीच करायचं आणि आपल्या हातानं करायचं. थोरल्याला आनंद झाला. लाकूड कुठून घ्यायचं ते त्यानंच सांगितलं. न्हावा-शेवाचं बंदर 1989 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून या भागात परदेशी यंत्रं लाकडी खोक्यांतून येतात. ती खोकी मोडली की त्यांच्या पाइनच्या फळ्या भंगारवाल्यांकडे येतात.

"फळीवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का बघ," थोरला म्हणाला. "त्यात एचटी अक्षरं असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं असतं, कीड मारायला. एमबी असेल तर विषारी वायूची धुरी दिलेली असते. पोरीच्या टेबलाला ते नको."

धाकट्यानं एचटी शिक्क्याच्या सहा फुटी फळ्या आणल्या. रुंदी आठ इंच, जाडी इंचभर. टेबलाच्या चौकटीसाठी त्या उभ्या चिरून तीन इंची पट्ट्या काढायच्या होत्या.

"आण इकडे, कटरनं दोन मिनिटांत चिरून देतो," थोरला म्हणाला.

त्याचा कटर म्हणजे फरशी कापायची चार इंची मशीन, तिला लाकडाचं दातेरी पातं लावलेलं. ही मशीन दगड घासणाऱ्या बिनदाती चकतीसाठी बनलेली असते. पात्याचा खालचा भाग आपोआप झाकणारं झाकण तिला नसतं. वरचं झाकण रेषा दिसत नाही म्हणून थोरल्यानं केव्हाच काढून टाकलं होतं. फळी डाव्या पायाखाली दाबायची, उकिडवं बसायचं आणि एका हातानं चीर मारायची, ही त्याची रीत. त्याची चीर सुतात सरळ येई.

"दादा, भीती नाही वाटत?"

"पंधरा वर्षं करतोय. अजून नखाला चीर नाही."

यावर धाकट्यापाशी उत्तर नव्हतं. पण त्याचा हात सराईत नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं सात इंची गोल करवत विकत आणली, तिच्यासोबतचं पुस्तक वाचून काढलं आणि रविवारी सकाळी गच्चीवर मांडामांड केली. आबा खुर्ची टाकून बसले. थोरलाही चहाचा कप घेऊन वर आला.

धाकट्यानं फळी ठेवली, रेषा मारली, मशीन उचलली आणि फळीच्या टोकाशी रेषेच्या बरोबर मागे उभा राहिला.

"थांब," आबा म्हणाले. "ही सुटली तर कुठं जाईल?"

धाकटा गोंधळला. "सुटेल कशी, आबा? दोन्ही हातांनी घट्ट धरणार आहे."

"घट्ट धरशील रं. पण सुटली तर?"

आबांनी आयुष्यात करवत धरली नव्हती. त्यांना गोण्यांची थप्पी ठाऊक होती. "थप्पी लावताना मुकादम एकच सांगायचा," ते म्हणाले. "थप्पी पक्कीच लावायची. पण ती कोसळली तर कुठल्या अंगाला येईल, ते आधी बघायचं आणि त्या अंगाला माणूस उभा करायचा नाही. पक्क्या थप्प्याबी कोसळल्या. आम्ही तिथं नव्हतो म्हणून आज हितं बसलोय."

धाकट्यानं थोरल्याकडे पाहिलं. प्रश्न सुताराला होता. थोरल्यानं कप खाली ठेवला आणि मशीन उपडी करून दाखवली.

"पात्याचे पुढचे दात लाकूड खालून वर कापत जातात. चिरलेली फट मागून मिटली की पातं आवळलं जातं. मग मागचे दात फळीत रुततात, मशीन वर उचलली जाते आणि धरणाऱ्याच्या अंगावर येते. पातं मिनिटाला 5,000 फेऱ्या घेतं. दातांचा वेग ताशी 160 किलोमीटरच्या पुढे जातो. त्या वेळी हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही."

"म्हंजे ती मागं येणार," आबा म्हणाले. "मग हा मागंच का उभाय?"

थोरला काही बोलला नाही. तो स्वतः रोज तिथेच बसत होता.

मग तिघांनी मिळून मांडणी नव्यानं केली. आबांचा प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारला गेला. फळी हलली तर? म्हणून दोन घोड्यांवर प्लायवुडचा तक्ता टाकला, त्यावर थर्माकोलची जाड शीट आणि शीटवर फळी. चिरल्यावर दोन्ही तुकडे खालून टेकलेलेच राहणार होते. एखादा लोंबकळून फट आवळण्याची भीती त्यामुळे गेली. मशीन रेषेवरून भरकटली तर? वाकडं गेलेलं पातं फटीतच अडकतं. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा सरळ चौकोनी पाइप फळीवर मशीनला वाट दाखवायला बसवला. मशीनच्या तळपट्टीची कड पात्यापासून किती लांब आहे ते मोजलं आणि रेषेपासून तेवढ्याच अंतरावर पाइप दोन्ही टोकांना शिकंज्यांनी आवळला. फळीही तक्त्याला शिकंज्यानं धरली.

लाकडात खिळा असला तर? खोक्याच्या लाकडात हमखास असतो. धाकट्यानं फळीवरून लोहचुंबक फिरवलं. एका ठिकाणी ते चिकटलं. आत मोडलेला खिळा निघाला. तो उपटला.

पात्याची खोली थोरल्यानं लावून दिली, आधी प्लग काढून. फळीच्या खाली पातं दोन सूत उतरेल, एवढंच. जितकं पातं जास्त बाहेर, तितका धोका जास्त. पातं त्यानं 24 दातांचं निवडलं. उभ्या चिरेत भुसा लांब आणि भरपूर निघतो. कमी दातांमधल्या मोठ्या खाचांतून तो बाहेर पडतो, पातं तापत नाही. बारीक दातांचं पातं आडव्या कापाला बरं. फळीची चांगली बाजू खाली ठेवली, कारण दात वर येताना वरच्या बाजूच्या कपच्या उडतात.

खालचं झाकण बोटानं मागे ओढून सोडलं. ते खट्‌कन मिटलं. धाकट्यानं सैल शर्ट काढून अंगाबरोबरचा टी-शर्ट घातला, हातमोजे मात्र घातले नाहीत, कारण फिरत्या पात्यात मोज्याचा धागा सापडला तर तो हातच ओढतो. डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे, नाकावर मास्क. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कर्करोगकारक पदार्थांत धरलं आहे, हे त्यानं थोरल्याला सांगितलं. थोरला पंधरा वर्षं तो भुसा श्वासातून घेत आला होता. वायर खांद्यावरून मागे सोडली आणि धाकटा रेषेच्या डाव्या अंगाला उभा राहिला.

रेषेची मागची जागा मोकळी झाली. मुलगी बघायला वर आली तर आबांनी तिलाही तिथून उठवून आपल्या खुर्चीशी बसवलं.

पहिली फळी सरळ चिरली गेली. मशीन आधी पूर्ण वेगात येऊ द्यायची, मग पातं लाकडाला भिडवायचं. दामटायची नाही आणि रेंगाळूही द्यायची नाही. पातं पूर्ण थांबल्यावरच मशीन उचलायची.

दुसरी फळी चार फुटांपर्यंत चिरली आणि मशीनचा आवाज जडावला. समोर गाठ होती. धाकट्यानं बटण सोडलं, पण तेवढ्यात फट मिटली. मशीन उचलली गेली आणि जोरानं मागे आली. दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या म्हणून ती हातातून निसटली नाही. हातभर मागे सरकून ती फळीवर आदळली आणि खालचं झाकण मिटलं. धाकट्याचे हात मागे फेकले गेले, खांदा हिसकला. मशीन आली त्या वाटेत कुणीच नव्हतं.

थोरल्यानं धावत जाऊन प्लग काढला. मग तो फळीकडे पाहत राहिला. पाइनच्या पांढऱ्या लाकडावर दातांचा एक ओरखडा उमटला होता, चिरेतून बाहेर निघून सरळ मागे आलेला. थोरल्यानं मनातल्या मनात ती फळी जमिनीवर ठेवली, डावा पाय तिच्यावर ठेवला, उकिडवा बसला. ओरखडा थेट त्याच्या मांडीच्या रेषेत येत होता. त्याच्या कटरला तर झाकणही नव्हतं.

"आबा, मला पंधरा वर्षांत काही झालं नाही," तो हळू आवाजात म्हणाला.

"झालं न्हाई ही देवाची कृपा," आबा म्हणाले. "पण ती काय तुझी मांडणी न्हवं."

मग थोरला खरा सुतार म्हणून पुढे झाला. झाड वाढतं तेव्हा त्याच्या बाहेरच्या थरांत ताण असतो आणि गाभ्यात दाब, त्यानं सांगितलं. फळी अख्खी असेपर्यंत ते एकमेकांना धरून असतात. उभी चीर मारली की ती जोडी तुटते आणि प्रत्येक तुकडा आपल्या कलानं वाकतो. कधी फट उघडते, कधी मिटते. गाठीपाशी तंतू वळलेले असतात, तिथे अंदाज चुकतो. फळी नीट टेकलेली असली, रेषा सरळ असली, तरी हे होऊ शकतं. त्यानं भंगार तुकड्यातून चार पाचरी तासल्या. एक फटीत बोटानं दाबून बसवली. फट पुन्हा उघडी झाली. मुलीला पंचतंत्रातलं माकड आठवलं. तिनं ती गोष्ट आजोबांना सांगितली आणि उरलेल्या पाचरी सांभाळायचं काम मागून घेतलं.

पातं मोकळ्या फटीत, लाकडाला न टेकवता धरलं. पूर्ण वेग आल्यावर पुढे नेलं. दर फूटभर चिरल्यावर मशीन थांबवायची, पातं थांबलं की मागे एक पाचर बसवायची आणि पुढे जायचं. गाठही पार झाली. दुपारपर्यंत सगळ्या पट्ट्या निघाल्या. पुढच्या रविवारी टेबल खिडकीपाशी बसलं.

थोरल्याच्या कामावर मात्र दुसऱ्याच दिवशी बदल झाला. कटर त्यानं फरशीवाल्या मिस्त्रीला देऊन टाकला आणि झाकणाची गोल करवत घेतली. उभ्या चिरांना आता वेळ जास्त लागू लागला. घरमालकांनी घाई केली की तो शांतपणे सांगे, मांडणी झाल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही. हाताखालची पोरं कुरकुरली. त्यांच्यातला एक, नुकताच गावाहून आलेला, म्हणाला, "दादा, तुमच्या हाताला कधी लागलंय का?"

"नाही," थोरला म्हणाला. "लागायच्या आधी कळलं म्हणून तुलाही आधीच सांगतोय. आता सांग, ही सुटली तर कुठं जाईल?"

पोरानं पात्याकडे पाहिलं, फळीच्या रेषेवरून नजर मागे आणली आणि एक पाऊल बाजूला सरकला. मग थोरल्यानं त्याच्या हातात मशीन दिली.

तात्पर्य: पट्टीचा पोहणाराच बुडतो असं आपण म्हणतो, कारण पाणी ओळखीचं झालं की त्याची ताकद विसरायला होते. सराव चुका कमी करतो, संपवत नाही. आणि कधी कधी चूक आपली नसतेच, लाकडाची असते. म्हणून काम हाती घेताना ते नीट कसं होईल याचा विचार करावाच, पण ते बिघडलं तर काय कुठे जाईल, हेही तितक्याच मनापासून पाहावं आणि त्या वाटेत ना आपण उभं राहावं, ना आपल्या माणसाला उभं करावं. एवढी काळजी घेणारा माणूस भित्रा नसतो. तोच खरा कारागीर.