नजर कोणाची, पडदा कोणावर?

नवीन जालन्यातल्या आमच्या एका नातेवाइकांच्या घरी काही वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट. घरातल्या तरुण मुलाच्या मोबाईलमध्ये नको त्या चित्रफिती सापडल्या. घरात एकच हलकल्लोळ झाला. मगरिबच्या नमाजनंतर वडीलधारी मंडळी जमली. मोबाईल, इंटरनेट, अमेरिका, सिनेमा अशा साऱ्यांच्या नावाने बोटे मोडून झाली आणि शेवटी एक निर्णय झाला. त्या मुलाच्या धाकट्या बहिणीचा मोबाईल काढून घेण्यात आला. मुलाला समज देऊन सोडले. त्याचा मोबाईल त्याच्या खिशात परत गेला, कारण त्याला कामधंद्यासाठी तो लागत होता.

त्या बैठकीत आम्हीही होतो. आम्हीही मान डोलावली होती. निघताना दाराशी त्या मुलीने आम्हाला विचारले, "मामू, मोबाईल तो भाई का था. मेरा कायकू लिये?" आम्हाला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे असे वाचकांनी समजावे.

अश्लीलतेची चर्चा निघाली की आपण ताबडतोब अमेरिकेकडे बोट दाखवतो. तिथे सारे मोकाट आहे, असा आपला समज. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. 1934 पासून 1968 पर्यंत हॉलिवूडच्या चित्रपटांवर एक कडक संहिता लागू होती. ती सरकारने लादलेली नव्हती. चर्चच्या आणि सरकारच्या धाकाने निर्मात्यांनीच ती स्वतःवर लादून घेतली होती. पुढे ती जाऊन वयानुसार श्रेणी देण्याची पद्धत आली. तरीही 2004 साली फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात गायिका जॅनेट जॅक्सन हिचे वक्ष क्षणभर उघडे पडले, तेव्हा त्या देशात गदारोळ उठला आणि प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीला साडेपाच लाख डॉलरचा दंड झाला. तो दंड पुढे न्यायालयाने रद्द केला, पण मुद्दा तो नाही. ज्या पडद्यावर रोज रात्री माणसे गोळ्या घालून मारलेली दाखवतात, त्याच पडद्यावर एका क्षणाची उघडी छाती मुलांना बिघडवील असे लाखो आईबापांना वाटले. रक्त चालते, देह चालत नाही. आणि त्या प्रसंगात वस्त्र ओढणारा हात एका पुरुष गायकाचा होता. बदनामीचा मोठा वाटा मात्र त्या स्त्रीच्या पदरी आला. म्हणजे जालन्यातल्या त्या बैठकीत आणि अमेरिकेतल्या त्या गदारोळात आम्हाला वाटले होते तेवढे अंतर नाही.

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्रात या प्रश्नाची सर्वांत मोठी किंमत ज्यांनी मोजली ते म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. 1927 च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत पदरमोड करून चालवले. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीचे कामजीवन अशा विषयांवर ते शास्त्रीय भाषेत लिहीत. वाचक आपले नाव न सांगता प्रश्न विचारीत आणि कर्वे उत्तरे देत. 1931 साली त्यांच्यावर पहिला खटला झाला, दंड झाला. 1934 साली दुसरा झाला तो याच प्रश्नोत्तरांवरून. त्या वेळी त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. बाबासाहेबांच्या म्हणण्याचा आशय असा की लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच ते लेखन अश्लील होत नाही. आणि वाचकाच्या मनात विकृती आहे असे मानले, तरी ती ज्ञानानेच जाईल, मग उत्तर देणाऱ्याचा गुन्हा काय? खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

या खटल्यात आम्हाला महत्त्वाचे वाटते ते पत्रे पाठवणारे अनामिक वाचक. ते चटोर नव्हते. आपल्याला काहीतरी रोग आहे, आपल्या हातून पाप होत आहे, या भीतीने ते आतल्या आत झुरत होते. घरात विचारायची सोय नव्हती. कर्व्यांचे दार बंद झाले असते तर ते कोणाकडे गेले असते? भोंदूंकडेच. 2007 मध्ये महाराष्ट्रात शाळांतील लैंगिक शिक्षणाला स्थगिती मिळाली तेव्हा अनेकांना संस्कृती वाचल्याचा आनंद झाला. शाळेने तोंड मिटले, घराने आधीच मिटले होते. मग आमच्या त्या भाच्याने मोबाईलला विचारले. मोबाईलने त्याला उत्तर दिले नाही, फक्त बाईचे उघडे शरीर दाखवले. ज्ञान आणि गलिच्छपणा यांना एकाच पोत्यात भरले की ज्ञान तेवढे अडते, गलिच्छपणा मागच्या दाराने घरात येतोच.

आपल्या समाजातल्या लेखकांनाही हे भोगावे लागले. मुंबईत राहणाऱ्या इस्मत चुगताई आणि सआदत हसन मंटो यांना आपापल्या कथांसाठी लाहोरच्या न्यायालयात उभे राहावे लागले. इस्मतआपांची 'लिहाफ' ही कथा 1942 ची. त्या कथेत नेमका कोणता शब्द अश्लील आहे, हे साक्षीदारांना सांगता आले नाही. शब्द शोधून सापडणारच नव्हता. लोकांना राग आला होता तो नवाबाच्या हवेलीत एकटी सडणारी बेगम त्यांनी लोकांसमोर आणली याचा. नवाबाच्या वागण्याबद्दल मात्र कोणी फिर्याद केली नव्हती.

ख्वाजा अहमद अब्बास यांचा खटला तर कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. चार महानगरांतली श्रीमंती आणि दारिद्र्य दाखवणारा त्यांचा छोटा माहितीपट सेन्सॉरने अडवला. मुंबईतल्या वेश्यावस्तीची दृश्ये त्यांना खुपली. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी चालू असताना सरकारने माघार घेतली, पण अब्बास यांनी मूळ प्रश्न सोडला नाही. 1970 मध्ये निकाल दिला सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी, जे आपल्या नागपूरला शिकले आणि तिथल्याच उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. चित्रपटांची पूर्वतपासणी घटनेला धरून आहे, असे त्यांनी ठरवले. अब्बास तेवढे हरले. पण त्याच निकालात त्यांनी बजावले की कामविषय आणि अश्लीलता एक नव्हेत, आणि समाजातल्या सर्वांत दुबळ्या किंवा सर्वांत बिघडलेल्या माणसाच्या मापाने निरोगी मनाच्या माणसाने काय पाहावे हे ठरवता येणार नाही. आमच्या बैठकीने नेमके तेच केले होते. एका बिघडलेल्या नजरेच्या मापाने एका निरोगी मुलीचे जग कापले होते.

2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलतेची जुनी इंग्रजी कसोटी टाकून दिली आणि समकालीन समाजाच्या मापाने विचार करावा असे सांगितले. उत्तम. पण समाज म्हणजे कोण? 2005 मध्ये महाराष्ट्रात डान्स बार बंद केले तेव्हा तीन तारांच्या आणि त्यावरच्या हॉटेलांना त्यातून सूट होती. तोच नाच गरिबाच्या बारमध्ये अश्लील आणि श्रीमंताच्या हॉटेलात सभ्य! न्यायालयांनी ही बंदी टिकू दिली नाही. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती घटनाबाह्य ठरवली. दरम्यान पोट बुडाले ते नाचणाऱ्या बायांचे. नोटा उधळणाऱ्यांचे काही गेले नाही.

आता कोणी म्हणेल, तुम्ही आम्हाला नंगेपणाची वकिली ऐकवता की काय? नाही. हया ही आम्हाला प्रिय गोष्ट आहे. बाईच्या देहाचा बाजार मांडणाऱ्या चित्रफिती आम्हाला किळसवाण्या वाटतात, आणि कोणाच्या संमतीवाचून काढलेली चित्रे पसरवणे हा तर उघड जुलूम आहे. तिथे कायदा कडकच हवा. लहान मुलांना जपायलाच हवे. प्रश्न एवढाच आहे की हयेची सुरुवात कुठून करायची. सूरह नूरमध्ये नजर झुकवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. हा क्रम आपण उलटा करून टाकला आहे. पहिली आयत आपण वाचतो आणि दुसरी अमलात आणतो, तीही दुसऱ्याच्या मुलीवर.

हजरत उमर यांच्याबद्दल एक रिवायत सांगितली जाते. रात्री गस्त घालताना एका घरातून गाण्याचा आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत गेले. आत दारू होती, बाई होती. तो माणूस म्हणाला, मी एक गुनाह केला, आपण तीन केलेत. हेरगिरी केलीत, दार सोडून भिंतीवरून आलात आणि सलाम न करता आलात. उमर निरुत्तर झाले आणि परतले. पाप बरे होते असे ही गोष्ट सांगत नाही. पाप रोखायला निघालेल्या माणसालाही मर्यादा असते, एवढे सांगते. खलिफाला जी मर्यादा होती ती आम्हा मामू-चाचांना नसावी काय?

त्या मुलीला तिचा मोबाईल सहा महिन्यांनी परत मिळाला. तोवर तिचा एका परीक्षेचा अर्ज भरायचा राहून गेला होता. आम्ही तिची माफी मागितली. ती हसली आणि म्हणाली, "जाने दो, मामू." तिने जाऊ दिले. आम्हाला ते जाऊ देता येत नाही. पुढच्या वेळी अशी बैठक बसली तर आम्ही पहिला प्रश्न विचारू तो नजर कोणाची होती हा. पडदा कोणावर टाकायचा ते त्यानंतर पाहू.