रागावण्याचा अधिकार

महिला क्रिकेट आणि महिला फुटबॉल मी नियमित बघतो, असं सांगितलं की समोरचा बहुतेक वेळा म्हणतो, "छान! सपोर्ट करायलाच हवा." पुरुषांची मॅच बघणाऱ्याला हे वाक्य कधीच ऐकावं लागत नाही. तो मॅच बघतो, विषय संपला. सपोर्ट आपण वृक्षारोपणाला करतो, पूरग्रस्तांना करतो. खेळ बघणं हे पुण्यकर्म ठरलं की खेळाडू आपोआप लाभार्थी ठरतात. म्हणून मला प्रश्न पडतो: ज्याच्याकडे आपण मदत म्हणून बघतो, त्याचा आपण खरंच आदर करतो का?

१९ ऑक्टोबर २०२५ ची इंदूरची मॅच घ्या. वर्ल्ड कप, समोर इंग्लंड, लक्ष्य २८९. भारताच्या २३४ धावा झालेल्या, सात गडी शिल्लक, स्मृती मानधना ८८ वर. लिन्सी स्मिथच्या फिरकीवर तिने चेंडू उचलला आणि लाँग-ऑफला झेल गेला. भारत ४ धावांनी हरला.

स्मृती सांगलीच्या माधवनगरात वाढली, त्यामुळे सांगली-साताऱ्याकडे तिचा उल्लेख 'आपली स्मृती' असाच होतो. त्या रात्री आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज आले. पहिला प्रकार: "पोरींनी एवढं केलं हे काय कमी आहे?" दुसरा: "सेट झालेली असताना, रनरेट हातात असताना तो फटका कशाला?" पहिला मेसेज गोड आहे, पण स्नेहसंमेलनात ओळी विसरलेल्या बालवाडीतल्या मुलासाठी टाळ्या वाजवाव्यात, तसा गोड. दुसऱ्यात राग आहे. मी दुसऱ्या गटात होतो आणि मला वाटतं, आदर त्या रागातच जास्त होता. तिने हा सामना जिंकून द्यायलाच हवा होता, हे गृहीत धरल्याशिवाय तो राग येत नाही. तिने स्वतःही नंतर त्या फटक्याची जबाबदारी घेतली. जिथे ती स्वतःला सूट देत नाही, तिथे आपण उदारपणे सूट द्यायची म्हणजे तिने स्वतःला लावलेल्या मापापेक्षा लहान माप तिला लावायचं. चारच दिवसांनी न्यूझीलंडविरुद्ध तिने १०९ धावा केल्या. तिला आपल्या सांत्वनाची फारशी गरज नव्हती.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: वेग कमी, ताकद कमी, मग पुरुषांच्या खेळाचं माप लावणार कसं? आमच्या भागातल्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं ते ५७ किलो वजनगटात. हेवीवेट मल्लाने त्यांना सहज उचललं असतं, म्हणून ते पदक हलकं, असं म्हणणाऱ्याला साताऱ्यात चहा मिळणार नाही. कुस्ती त्या गटात किती चोख झाली, एवढंच आपण बघतो. तसंच कोल्हापूरचं. पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की शाहू स्टेडियमकडे लोटणाऱ्या माणसांना युरोपात यापेक्षा चांगला फुटबॉल खेळला जातो, हे ठाऊक असतं. तरी पेनल्टीवरून पेठापेठांत वाद होतात. म्हणजे माणसं सर्वोच्च दर्जा असतो म्हणूनच खेळ बघतात, हे खरं नाही. काहीतरी आपलं पणाला लागलेलं असतं, म्हणून बघतात.

आणि महिलांच्या खेळात काही पणाला लागतच नाही, हेही इतिहासाला धरून नाही. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या महिला संघाची मॅच बघायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना खेळायला बंदी घातली. ती जवळपास पन्नास वर्षं टिकली. आधी मैदान काढून घ्यायचं आणि मग कोणी बघत नाही म्हणायचं, असा तो प्रकार.

न बघण्याचा अर्थ काय होतो, हे आपल्याच राज्यात दिसलं. जानेवारी २०२२ मध्ये महिला फुटबॉलचा आशिया कप नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात झाला. यजमान भारत इराणशी ०-० बरोबरीत खेळला. पुढच्या मॅचआधी संघात इतक्या जणींना कोविड झाला की खेळायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि भारत स्पर्धेतून बाहेर पडला. घरच्या मैदानावर, न हरता. पुरुषांच्या क्रिकेट संघाबाबत असं झालं असतं तर महिनाभर चौकशीच्या मागण्या झाल्या असत्या. माझ्या ओळखीत कोणी हळहळलंसुद्धा नाही. टीकेने खेळाडू दुखावतात, खरं आहे. पण ही शांतता मला जास्त क्रूर वाटते.

अर्थात रागालाही शिस्त हवी. विराट कोहली चुकीचा फटका मारून बाद झाला की आपण म्हणतो, फटका चुकला. २०१७ च्या लॉर्ड्सच्या फायनलमध्ये भारत ३ बाद १९१ वरून २१९ वर संपला, अवघ्या ९ धावांनी हरला, तेव्हा अनेकांचा निष्कर्ष होता, "बायकांना प्रेशर झेपत नाही." पहिलं वाक्य खेळाबद्दल आहे, दुसरं खेळाबद्दल नाहीच. खेळाडूच्या लग्नावर, दिसण्यावर घसरणारे तर फॅनच्या व्याख्येतही बसत नाहीत. रागावण्याचा अधिकार बघण्यातून मिळतो: कंटाळवाण्या मॅच बघून, फील्डिंग कुठे लागलीय हे कळून, मागच्या चुका लक्षात ठेवून. नुसतं स्कोअरकार्ड बघून तो मिळत नाही.

२ नोव्हेंबर २०२५ ला भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला, तो आशिया कपातली इराणची मॅच झाली होती त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर. त्या रात्री फटाके वाजवणाऱ्यांत महिला क्रिकेटची एकही मॅच पूर्ण न पाहिलेले पुष्कळ होते. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. प्रत्येकाची सुरुवात कुठून तरी होते. पुढची एखादी साधी मालिका आपण हरू, तेव्हा त्यांच्यातल्या कोणी मला फोन करून चिडून विचारावं, "शेवटच्या ओव्हरला बॉल तिच्या हातात कशाला दिला?" मी तासभर वाद घालायला तयार आहे.