परिघावरील धांव

घाण्याच्या बैलाला आपल्या भाषेनें फारसा मान दिलेला नाहीं. तो श्रम करीत नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. त्याचा दोष एवढाच कीं, दिवसभर चालूनही तो कोठें पोंचत नाहीं. श्रमाचें मोल आपण पोंचण्यावरून ठरवितों. अ‍ॅरिस्टॉटलनेंही क्रियांचे दोन वर्ग केले. घर बांधण्यासारख्या क्रिया साध्य हातीं येईपर्यंत अपुऱ्याच असतात. पाहणें किंवा चिंतन करणें यांसारख्या क्रिया मात्र प्रत्येक क्षणीं पूर्ण असतात. चालण्यास त्यानें पहिल्या वर्गांत घातलें, कारण चालणारा कोठून तरी कोठें तरी जात असतो.

मग जो कोठेंच जात नाहीं त्याच्या धांवण्यास कोणत्या वर्गांत घालावें? हा प्रश्न आम्हांस अलेक्झांडर सोरोकिन या लिथुएनियन धांवपटूच्या चरित्रावरून सुचला. १९८१ सालीं जन्मलेला हा गृहस्थ तरुणपणीं होड्या वल्हविण्याच्या शर्यतींत उतरत असे. तें सुटलें, जुगारगृहांत नोकरी लागली, वजन शंभर किलोच्या घरांत गेलें. तें उतरावें या अगदीं सामान्य हेतूनें त्यानें तिशी उलटल्यावर धांवण्यास आरंभ केला. २०१९ सालीं फ्रान्समधील आल्बी येथें तो चोवीस तासांच्या धांवेचा जगज्जेता झाला. ग्रीसच्या यानिस कूरोसचा १९९७ सालचा ३०३.५०६ किलोमीटरांचा विक्रम जवळजवळ चोवीस वर्षें अबाधित होता. तो सोरोकिननें ऑगस्ट २०२१ मध्यें पोलंडांत मोडला, आणि सप्टेंबर २०२२ मध्यें इटलींतील व्हेरोना येथें तर ३१९.६१४ किलोमीटर अंतर कापलें. म्हणजे साडेसात मॅरेथॉन. आणि सारे थांबे जमेस धरूनही प्रत्येक सुमारें तीन तास दहा मिनिटांत!

या शर्यतीचा नियम चमत्कारिक आहे. एका आखलेल्या लहानशा फेरीवरून चोवीस तास धांवावयाचें. वेळ संपली कीं जो जेथें असेल तेथें थांबतो, आणि शेवटच्या अपुऱ्या फेरीचें अंतर मोजून घेतात. इतर शर्यतींत वेगाला एक गुप्त बक्षीस असतें: जो वेगानें धांवतो त्याचे हाल लवकर संपतात. येथें तें नाहीं. पहिल्याची आणि शेवटच्याची सुटका एकाच क्षणीं. जो मध्येंच पांघरूण घेऊन निजला त्याचेही तास तेवढेच. आपल्या बहुतेक उद्योगीपणांत सुटकेची आशा मुरलेली असते. विद्यार्थी परीक्षेंतून सुटण्यासाठीं वाचतो. आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर असतां आम्ही अध्यापक ज्या तत्परतेनें कामास लागतों तीही सर्वस्वी विद्याप्रेमाची नसते. लवकर संपवून मोकळें होण्याचा हा सौदा जेथें बंद आहे, तेथें मनुष्य जीव तोडून काम करील काय? आयुष्याची घडणही याच जातीची आहे. त्यांत अंतर ठरलेलें नसतें, वेळेला मात्र सीमा असते. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांस हा प्रश्न केवळ क्रीडेचा वाटत नाहीं.

यावर कोणी निष्काम कर्माचें नांव घेईल. आम्हांस तें पटत नाहीं. सोरोकिनला विक्रम हवा होता, आणि फेरीमागून फेरी मोजून तो त्यानें मिळविला. फलाची अशी उघड अपेक्षा धरणाऱ्यास योगी ठरविणें हा त्याचा गौरव नव्हे, गीतेचा तर नव्हेच. परंतु त्यानें इच्छिलेलें फळ श्रमांतून सोडविणारें नव्हतें, श्रम वाढविणारें होतें. हा भेद आमच्या मतें लहान नाहीं. बैलाची गोष्ट वेगळी. त्याचे डोळे बांधलेले असतात, आणि तेल दुसऱ्याचें असतें.

पोंचण्याचा ज्यांना अभिमान आहे त्यांनीं हिरोडोटस वाचावा. इ. स. पूर्व ४९० मध्यें मॅरेथॉनच्या लढाईपूर्वीं अथेन्सनें फिडिपिडीसला मदत मागण्यास स्पार्टाकडे धाडलें. तो दुसऱ्याच दिवशीं पोंचला. पण पौर्णिमेपूर्वीं निघतां येत नाहीं, असें त्यास उत्तर मिळालें. हेतु होता, मुक्काम होता. मदत मात्र लढाई आटोपल्यावर आली. त्याच्या स्मरणार्थ १९८३ पासून अथेन्स ते स्पार्टा अशी २४६ किलोमीटरांची शर्यत होते. सोरोकिननें ती २०१७ सालीं जिंकली. तेथें शेवटीं लिओनिडास राजाच्या पुतळ्याच्या पायांस स्पर्श करावयाचा असतो. व्हेरोनांत स्पर्श करण्याजोगें कांहीं नव्हतें.