गोळ्या घेतल्या म्हणजे विश्वास उणा पडला का?

शंका : माझी मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या पावसाळ्यात तिची झोप गेली, जेवण सुटलं, ती कॉलेजला जाईना. मनोविकारतज्ज्ञांनी डिप्रेशनचं निदान करून गोळ्या दिल्या. आता ती बरीच सावरली आहे. पण आमच्या प्रार्थना गटातल्या बायका म्हणतात, हा दुष्ट आत्म्याचा त्रास आहे, गोळ्या घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. रिट्रीटमध्ये एकाने साक्ष दिली की गोळ्या फेकून दिल्या आणि त्याच दिवशी तो बरा झाला. ते ऐकून मुलगीही गोळ्या बंद करते म्हणते. मी काय करू? (एक आई, वसई)

समाधान : ताई, सगळ्यात आधी गोळ्यांचं. त्या आपल्या मनाने बंद करू देऊ नका. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला दोन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त वेळ लागतो, आणि बरं वाटू लागल्यावरही ती काही महिने घ्यावी लागतात, नाहीतर आजार उलटतो. एकाएकी थांबवली तर चक्कर, डोक्यात झटके आल्यासारखं वाटणं, झोप उडणं, चिडचिड असे त्रास सुरू होतात. मग तेच त्रास पाहून कुणीतरी म्हणणार, बघा, आत्मा अजून गेलेला नाही. औषध कमी करायचंच असेल तर ते डॉक्टर करतील, टप्प्याटप्प्याने. मुलीला घेऊन त्यांच्याकडे जा आणि तिच्या मनातली धास्ती तिलाच त्यांच्यासमोर बोलू द्या. थायरॉइड आणि रक्ताची तपासणी झाली नसेल तर तेही विचारा, कारण त्यांतल्या बिघाडानेही माणूस असाच खचतो.

आता अविश्वासाचं. एलीया संदेष्ट्याची गोष्ट राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. ती मुलीबरोबर बसून वाचा. कर्मेल डोंगरावर एवढा पराक्रम गाजवलेला हा माणूस रानात पळून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. तेव्हा त्याला कुणी प्रवचन दिलं नाही, विश्वास कमी पडला असं म्हटलं नाही. देवदूताने त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून जेवायला घातलं. होरेब डोंगरावरचं बोलणं त्यानंतरचं, चाळीस दिवसांनंतरचं. देवाने आधी त्याच्या थकलेल्या शरीराची सोय पाहिली. तुमच्या मुलीची झोप आणि भूक गोळ्यांनी परत येत असेल, तर त्यात देवाचा अपमान कुठे झाला? लूक वैद्य होता. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिलं, नुसती प्रार्थना कर असं लिहिलं नाही. आपल्या कॅथलिक बायबलमधल्या सिराच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय तर वैद्याचा मान राखा इथूनच सुरू होतो, आणि औषधं देवानेच जमिनीतून उगवली असं सांगतो. त्याच अध्यायात आजाऱ्याला प्रार्थना करायलाही सांगितलं आहे. दोन्ही एकाच पानावर आहेत.

दुष्ट आत्म्याबद्दल चर्चची शिकवण त्या गटातल्या भगिनींना नीट माहीत नसावी. धर्मशिक्षणग्रंथाच्या १६७३व्या परिच्छेदात म्हटलं आहे की भूतबाधा काढण्याच्या विधीपूर्वी हा आजार तर नाही ना याची खात्री करून घ्यायला हवी, कारण आजार हा वैद्यकशास्त्राचा विषय आहे. हा विधी फक्त धर्मगुरूच करू शकतात, आणि त्यांनाही बिशपांची स्पष्ट परवानगी लागते. डोक्यावर हात ठेवून असं निदान करायचा अधिकार चर्चने गटातल्या कुणालाही दिलेला नाही. हे तुमच्या फादरांच्या कानावर घाला. गोळ्या फेकल्याच्या साक्षी व्यासपीठावरून दिल्या जाऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. साक्ष देणारा त्या दिवशी बरा दिसतो. तीन महिन्यांनी त्याचं काय झालं ते सांगायला कुणी व्यासपीठावर येत नाही, आणि मधल्या काळात ती साक्ष ऐकून किती घरांत औषधं थांबली याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

मुलीला आणखी एक सांगा. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली एका मुलाखतींच्या पुस्तकात सांगितलं होतं की बेचाळीस वर्षांचे असताना ते सहा महिने, आठवड्यातून एकदा, एका ज्यू मनोविश्लेषक बाईंकडे जात होते. तेव्हा ते धर्मगुरू होतेच.

आणि प्रार्थना गट सोडू नका, ताई. आजारपणात चार माणसं घरी येणं, डबा आणणं, मुलीशेजारी गप्प बसणं यानेही फार आधार मिळतो. फक्त निदानाचं काम त्यांच्याकडे देऊ नका.

शंका : मी तेवीस वर्षांचा आहे. पापनिवेदन करून बाहेर आलो की लगेच वाटतं, एक पाप सांगायचं राहिलं, किंवा सांगितलं ते मनापासून नव्हतं. एका आठवड्यात तीन-तीन चर्चमध्ये जाऊन कन्फेशन केलं आहे. मिस्साच्या वेळी मनात देवाविषयी घाणेरडे विचार येतात, म्हणून ख्रिस्तप्रसाद घेत नाही. फादर दर वेळी म्हणतात, काळजी करू नकोस, देवाने क्षमा केली. ते ऐकून तासभर बरं वाटतं. मी नरकात जाणार का? (एक तरुण, मुंबई)

समाधान : तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण असा त्रास भोगणारी मुलं मला भेटतात आणि बहुतेकांना वाटतं की जगात आपण एकटेच असे आहोत. तू एकटा नाहीस. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस १५२२ साली मान्रेसा गावात राहत होते. त्याआधी माँतसेरातच्या मठात त्यांनी आयुष्यभराची पापं लिहून काढून तीन दिवस पापनिवेदन केलं होतं. तरी त्यांना वाटत राहिलं की काहीतरी राहिलं. ते पुन्हा पुन्हा कबुली देत राहिले. एका धर्मगुरूंनी सांगितलं, अगदी स्पष्ट असेल तेवढंच जुनं पाप सांग. त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण त्यांना प्रत्येकच पाप स्पष्ट दिसत होतं. हा छळ इतका वाढला की खोलीतल्या एका खळग्यात उडी टाकून जीव द्यावा असं त्यांच्या मनात येऊ लागलं. शेवटी त्यांनी ठरवलं की गतकाळातलं कुठलंही पाप पुन्हा कबूल करायचं नाही. तिथून ते मोकळे होत गेले.

त्या शेवटच्या निर्णयात आजच्या उपचाराचं सूत्र आहे. तू वर्णन करतोस ती लक्षणं मंत्रचळेपणाची, म्हणजे ओसीडीची वाटतात. पक्कं निदान मनोविकारतज्ज्ञच करतील, पत्रावरून ते होत नाही. कुणाला हात धुवावे लागतात, कुणाला कुलूप तपासावं लागतं, तुला कबुली द्यावी लागते. मनात शंका येते, जीव घाबरा होतो, तू फादरांकडे धावतोस, ते धीर देतात आणि भीती ओसरते. त्या तासाभराच्या बऱ्या वाटण्यानेच तुझं मन शिकतं की पुढच्या वेळीही धावलंच पाहिजे. म्हणून फादर जितक्या प्रेमाने समजूत घालतील तितका हा फेरा घट्ट होत जातो. यात त्यांचा दोष नाही. कनवाळू माणूस हेच करणार.

उपचारात प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ तुला हळूहळू, तुझ्या संमतीने, ती शंका मनात राहू द्यायला शिकवतात. विचार आला तरी कबुलीला जायचं नाही, मनातल्या मनात क्षमेची प्रार्थना घोकायची नाही, कुणाला विचारायचं नाही. पहिले काही आठवडे फार जड जातात. मग भीती आपोआप उतरते हे अनुभवाला येतं. गरज असेल तर जोडीला औषधही देतात. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्ती नसतील तरी चालेल. पण तुझ्या धर्मात काय सांगितलं आहे ते त्यांनी नीट विचारून घ्यायला हवं, नाहीतर ते तुला चर्चच सोडायला सांगतील आणि तू उपचार सोडशील.

फादरांचं काम इथे मोठं आहे. अतिशंकेखोर मनाच्या माणसाने एकच पापनिवेदक धरावा आणि त्याचं ऐकावं, हा चर्चमधला जुना शिरस्ता आहे. पापनिवेदकांचे आश्रयदाते संत अल्फोन्सस लिगोरी यांनी तो आग्रहाने शिकवला, आणि त्यांनी स्वतःही हा छळ सोसला होता. तेव्हा एक फादर निवड. तुझ्या परवानगीने मानसशास्त्रज्ञ आणि फादर एकदा एकमेकांशी बोलू देत. तिघांनी मिळून ठरवा : महिन्यातून एकदाच कन्फेशन, ठरलेल्या वेळेत, जुनं उगाळायचं नाही, आणि मध्ये फोन करून विचारलंस तर फादर उत्तर देणार नाहीत.

मिस्सातल्या विचारांबद्दल : गंभीर पाप होण्यासाठी गोष्ट गंभीर असावी लागते, तिची पूर्ण जाणीव असावी लागते आणि मनाची संमती असावी लागते. ज्या विचाराने तुझा थरकाप होतो त्याला तुझी संमती कुठून आली? ख्रिस्तप्रसाद घे. नरकाच्या प्रश्नाचं उत्तर मी मुद्दाम देत नाही. का ते आता तुला कळलं असेल.

शंका : माझ्या भावाने गेल्या वर्षी आत्महत्या केली. नातेवाईक म्हणतात त्याचं तारण झालं नाही. पाळकांनी अंत्यविधी केला, पण संदेश चार वाक्यांत उरकला. त्यानंतर मंडळीत बसवत नाही. (एक बहीण, अहिल्यानगर)

समाधान : बहिणी, आत्महत्येला क्षमा नाही असं सांगणारं एकही वचन पवित्र शास्त्रात नाही. शौल राजाने स्वतःच्या तलवारीवर पडून प्राण दिला. तेव्हा याबेश गिलादचे लोक रात्रभर चालून गेले, शत्रूने भिंतीवर टांगलेलं त्याचं प्रेत उतरवून आणलं, त्याच्या अस्थी पुरल्या आणि सात दिवस उपास केला. दाविदाने त्याच्यासाठी विलाप केला, आणि त्यात दोषाचा एक शब्द नाही. मेलेल्याशी आणि मागे राहिलेल्यांशी कसं वागावं हे त्या गावाला कळत होतं.

कॅथलिक चर्चच्या १९१७च्या कायद्यात आत्महत्या केलेल्याला ख्रिस्ती दफन नाकारलेलं होतं. १९८३च्या कायद्यातून ती तरतूद गेली, आणि आजचा धर्मशिक्षणग्रंथ म्हणतो की तीव्र मानसिक त्रासाने माणसाची जबाबदारी कमी होते, अशा व्यक्तीच्या तारणाची आशा सोडू नये. देशाचा कायदाही बदलला. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं आहे, आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. तुमचा भाऊ आजारी होता की परिस्थितीने पिचला होता, मला माहीत नाही. पण त्याच्या शेवटच्या तासावरून त्याचं अख्खं आयुष्य मोजायचा अधिकार नातेवाइकांना नाही.

पाळकांना एकदा भेटा. त्यांना काय बोलावं ते सुचलं नसेल, असं मला वाटतं. सेमिनरीत याची तयारी फारशी करून घेत नाहीत. त्यांना सांगा की तुम्हाला भावाचं नाव मंडळीत मोठ्याने घेतलेलं ऐकायचं आहे. आणि स्वतःकडे लक्ष द्या. अशा मृत्यूनंतर घरच्यांना अपराधी वाटणं, झोप न लागणं, स्वतःलाही मरणाचे विचार येणं हे घडतं. तसं काही होत असेल तर आजच टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र सुरू असते आणि मराठीत बोलता येतं.

शंका : मी पुण्यात समुपदेशक म्हणून नुकतीच कामाला लागले आहे. माझे बहुतेक क्लायंट हिंदू आहेत. त्यांचं दुःख ऐकताना येशूविषयी सांगावंसं वाटतं. गप्प राहणं म्हणजे प्रभूला नाकारणं होत नाही का?

समाधान : नाही होत. तुमच्यासमोर बसलेला माणूस त्या क्षणी नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतो. त्याने तुम्हाला आपलं सगळ्यात दुखरं सांगितलेलं असतं आणि तुमची मदत त्याला हवी असते. अशा वेळी सुचवलेली श्रद्धा त्याने स्वीकारली तरी ती त्याने मोकळेपणी निवडली असं कसं म्हणायचं?

चॅड व्हारा हे लंडनचे अँग्लिकन धर्मगुरू. तरुणपणी त्यांनी एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी केला होता. पाळी सुरू झाली ते तिला कळलं नाही, काहीतरी घाण रोग झाला असं समजून तिने जीव दिला होता. तिला विचारायला कुणी नव्हतं. १९५३ साली त्यांनी आपल्याच चर्चमधून, जिवाला कंटाळलेल्यांचं ऐकून घेण्याचं, समॅरिटन्स नावाचं काम सुरू केलं आणि ऐकणाऱ्यांनी धर्मप्रसार करायचा नाही असा दंडक घातला. धर्मगुरूने घातलेला हा दंडक तुम्हीही पाळा. क्लायंटच्या विठ्ठलाने त्याला आजवर तारलं असेल तर त्या आधाराविषयी आदराने विचारा, तो उपचाराचाच भाग आहे. क्लायंटने स्वतःहून प्रार्थना कराल का असं विचारलं, तर त्याला कशाची गरज वाटते ते आधी समजून घ्या आणि तुमच्या पर्यवेक्षकांशी बोला. घरी गुडघे टेकून त्याच्यासाठी प्रार्थना करायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त तिथे नाव आणि हकिगत दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ देऊ नका.

शंका : मी पास्टरांना माझ्या संसारातली अडचण सांगितली. पुढच्या बुधवारी ती सभेत प्रार्थना विनंती म्हणून वाचली गेली, नाव न घेता, पण सगळ्यांना कळलं. आमच्या पास्टरांनी समुपदेशनाचा छोटा कोर्स केला आहे. आता कुणाकडे जावं? (एक गृहिणी, सोलापूर)

समाधान : जे झालं ते चुकीचं झालं, आणि ते पास्टरांना एकांतात स्पष्ट सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

समुपदेशन हे नाव लावायला अजूनही कुणालाही फारसं कुणी अडवत नाही, म्हणून चौकशी आपणच करायची. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक मागितला तर त्यांनी तो द्यायला हवा. समुपदेशकाने मानसशास्त्राची किंवा समाजकार्याची पदव्युत्तर पदवी कुठून घेतली, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे विचारा.

गुप्ततेचंही पहिल्याच भेटीत विचारा. कॅथलिक पापनिवेदनाची मोहर कुठल्याही कारणाने मोडता येत नाही. समुपदेशकाची गुप्तता तशी पूर्ण नसते : जिवाला धोका असेल, किंवा बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाली, तर त्याला ती सांगावीच लागते. पण बुधवारची प्रार्थनासभा या अपवादांत बसत नाही. कुठली माहिती कधी आणि कुणाला सांगितली जाईल, हे समुपदेशकाने तुम्हाला सुरुवातीलाच उलगडून सांगायला हवं. असं सांगणारी व्यक्ती तुमच्या मंडळीतली नसली, ख्रिस्तीही नसली, तरी तिच्याकडे निःशंक जा.