रझाकारांचा धडा

परभणी-परळी लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह हे स्थानक आहे. नृसिंहाच्या देवस्थानामुळे गावाचे नाव दूरवर पोचले. तिथे काय किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही गावी काय, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. इतिहासाच्या तासाला निजाम, कासीम रझवी, रझाकार ही नावे येतात आणि वर्गातल्या चार नजरा एखाद्या शेख-पठाणाच्या पोराकडे वळतात. पोर मान खाली घालते.

मग हा धडाच नको, असे आमच्यातले काहीजण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. रझाकारांनी जुलूम केले, हे खरे आहे. तेलुगू, मराठी, कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य रयतेवर कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा म्हणून उर्दू लादली गेली, हेही खरेच. त्याला अन्याय म्हटल्याने आमच्या उर्दूची शान कमी होत नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. धडा अर्ध्यावर थांबतो. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू मांडली, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली. हे नाव किती गुरुजी फळ्यावर लिहितात? पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार सांगितला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आमच्या शेजारचे नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशके दप्तरातच राहिला. आणि ज्याच्या नावाने हे सारे घडले तो निजाम? तो १९५६ पर्यंत राजप्रमुख होता! राजाला मानाची खुर्ची मिळाली, हिशेब मात्र रयतेतल्या मुसलमानाकडे मागितला गेला.

राजवट वेगळी, जमात वेगळी, हे ओळखायला शिकवणे हेच सामाजिक शास्त्रांचे काम. सनावळ्या पाठ करून ते होत नाही. हिंदू पोराला शोएबुल्ला माहीत हवा आणि मुसलमान पोराने रझाकारांच्या जुलमाची हकिकत मान वर करून वाचायला हवी. घरी 'तो विषय काढू नको' म्हणून गप्प करणारे आपणच असतो. शाळेला एकटीला दोष कशाला?

१९४८ साली दहा वर्षांची असलेली माणसे आज पंचाऐंशीच्या पुढे आहेत. दोन्ही मोहल्ल्यांतली मुले वही घेऊन त्यांच्या ओसरीवर पाठवायची, तर ती याच वर्षी पाठवायला हवीत.